मिस्टर थरथरची खिडकी

हर्शेल ट्रूबमनला दारावरच्या थापेची भीती वाटायची. थाप पडली की तो दाराकडे न जाता आधी खिडकीकडे जायचा, पडद्याआडून खाली रस्त्यावर कुणाची अनोळखी मोटार उभी आहे का ते पाहायचा. तोवर त्याची बायको फ्रीडा हिने दार उघडलेले असायचे आणि दारात बहुधा सोड्याच्या बाटल्या घेऊन आलेला माणूस उभा असायचा.

"सोडावाला आहे, हर्शेल. झार नाही," फ्रीडा म्हणायची.

ही भीती त्याला आईकडून मिळाली होती. जुन्या देशात, झारच्या रशियात, ज्यूंच्या घरांवर पडणाऱ्या अशाच एका थापेनंतर आईने त्याला पोटाशी धरून मागच्या दाराने पळ काढला होता आणि समुद्र ओलांडून ब्रुकलिन गाठले होते. हर्शेल तिथल्या ब्राउन्सव्हिल वस्तीच्या रस्त्यांवर वाढला, तिथेच लग्न करून तिसऱ्या मजल्यावर राहिला. पण अंगातला तो कंप गेला नाही. गंमत अशी की त्याचे पोट मात्र त्या कंपावरच चालले होते.

हर्शेल चित्रकथांच्या मासिकांत चित्रे काढायचा. शेजारीपाजारी विचारत तेव्हा तो सांगायचा, जोड्यांच्या जाहिराती काढतो. त्या धंद्यातले निम्मे लोक घरी असेच काहीतरी सांगत. त्याचा संपादक सिड मार्गोलिन याने महायुद्धाच्या दिवसांत एकदा त्याला पुलापलीकडच्या कचेरीत गाठले होते.

"हर्शेल, मागची सात पानं रिकामी आहेत. कुणीतरी वीर दे. पाठीवर लाल कापड फडफडणारा."

"मला ते कापड जमत नाही, सिड. माझं कापड पडद्यासारखं दिसतं."

"मग कापडाशिवाय दे! पण पानं भर, बाबा."

हर्शेलने आरशात पाहिले आणि मिस्टर थरथर जन्माला आला. छत्र्यांच्या दुकानातला हा कारकून. छाती आत गेलेली, हॅट कानांपर्यंत आलेली, उन्हाळ्यातही अंगात ओव्हरकोट आणि पायांत पावसाळी रबरी बूट. जवळपास कुठे काही वाईट घडणार असले की त्याचे गुडघे थरथरायला लागत. तो पळायला बघे, पण पाय उलटे संकटाकडेच नेत. मग ती थरथर रस्त्यात उतरे, दिव्यांचे खांब डोलू लागत, दरोडेखोरांच्या हातातली पिस्तुले गळून पडत. मिस्टर थरथर या सगळ्या वेळात डोळे घट्ट मिटून उभा असे आणि शेवटच्या चौकटीत हळूच विचारे, "झालं का? उघडू डोळे?"

बाकीचे वीर विमाने अडवत होते, पाणबुड्या वाकवत होते. त्यांच्यात हा म्हणजे लग्नात चुकून शिरलेला पाहुणा. तरी वाचकांनी त्याला ठेवून घेतले. मुखपृष्ठावर तो कधी आला नाही, पण मागची सात पाने त्याची पक्की झाली.

दर महिन्याला सात पाने म्हणजे हात सतत चालता ठेवावा लागे. त्या धंद्यात माणसे मनाने काढायची आणि पाठीमागचे रस्ते, इमारती जिथून मिळतील तिथून उचलायच्या, अशी रीत होती. कुणी जुन्या फोटोंवरून उचली, कुणी दुकानांच्या पाट्यांवर गमतीने मित्रांची नावे घाली. हर्शेल खिडकीशी बसून समोर दिसे ते काढी. कोपऱ्यावरचे डॉक गॉर्लिकचे औषधांचे दुकान, त्याच्या काचेआडची निळ्या पाण्याची मोठी बरणी, दिव्याचा खांब, धोबीखान्याच्या छपरावरची पाण्याची टाकी. आणि कोपऱ्यावर खारवलेल्या काकड्यांचे पिंप घेऊन उभा असलेला अव्रोम पर्लस्टीन, टोपी मागे सरकवलेला. अव्रोम शेजारच्याच घरात राहायचा. दोन वर्षांपूर्वी तो वारला. कोपरा रिकामा झाला, पण हर्शेलच्या हाताला रिकामा कोपरा काढता येईना. चित्रात अव्रोम पिंपाशी उभाच राहिला.

मग चौपन्न सालचा वसंत आला आणि सगळीकडे एकच बोलणे सुरू झाले. चित्रकथा वाचून मुले बिघडतात, चोऱ्या करतात, रात्री किंचाळत उठतात. वॉशिंग्टनच्या लोकांनी चौकशी लावली, ती टेलिव्हिजनवर दिसू लागली. गावोगावी शाळांच्या अंगणात मासिके जाळायला सुरुवात झाली. सिडच्या मासिकात पुढच्या पानांवर थडग्यातून उठणारी प्रेते आणि तुटलेली मुंडकी असत, हे खरेच होते.

"पुढचं मी काढत नाही," हर्शेल म्हणाला.

"जाळताना पानं कुणी वेगळी करत नाही," फ्रीडा म्हणाली.

फ्रीडा शाळेच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करायची. ते दिवस असे होते की एखाद्या मास्तरला वरून बोलावणे येई आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गावर दुसराच कुणी उभा असे. का, ते कुणी विचारत नसे. एका संध्याकाळी ती घरी आली ती कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"आज पालकांच्या सभेत डॉकने एक मासिक फडकवलं. म्हणाला, यात माझं दुकान आहे."

हर्शेलने हातातला चहाचा पेला बशीत ठेवला.

"म्हणाला, बरणीवरून ओळखलं. हर्शेल, तू बरणीवरची चिकटपट्टीसुद्धा काढलीस?"

"होती ना तिथे."

"तडा गेलेल्या बरणीला फुलीसारखी लावलेली चिकटपट्टी अख्ख्या न्यूयॉर्कात त्याच्याच दुकानात आहे!" फ्रीडाचा आवाज दबका होता, पण फाटलेला. "तो म्हणाला, काढणारा आपल्यातलाच कुणीतरी आहे. शुक्रवारी शाळेच्या अंगणात आग पेटवायची आणि आगीसमोर त्याचं नाव वाचून दाखवायचं. आणि मुख्याध्यापक म्हणाले, अशा माणसाच्या घरचं कुणी या शाळेत काम करत असेल तर ते चालणार नाही."

"तुझ्याकडे बघून म्हणाले?"

"सगळ्यांकडे बघून. तेच वाईट."

डॉक गॉर्लिक तसा दुष्ट माणूस नव्हता. औषधवाल्याला त्या वस्तीत सगळे डॉकच म्हणत आणि तो मुलांचे खरचटलेले गुडघे फुकट पुसून द्यायचा. पण तीच मासिके त्याने वर्षानुवर्षे आपल्या दुकानातल्या फिरत्या मांडणीवर विकली होती आणि एका आईने भर दुकानात त्याला तसे सुनावले होते. तेव्हापासून त्याचेही धाबे दणाणले होते. बोट आपल्याकडे वळण्याआधी ते दुसऱ्या कुणाकडे वळावे, एवढीच त्याची धडपड होती.

बुधवारी दुपारी हर्शेल पडद्याआड उभा होता. खाली चौकात पांढऱ्या कोटातला डॉक मासिक उघडून उभा राहिला होता. त्याने पानाकडे पाहिले, दुकानाकडे पाहिले, दिव्याच्या खांबाकडे पाहिले. मग एक डोळा मिटून मान हळूहळू वर केली, धोबीखान्याच्या टाकीपर्यंत. मग तो पाठमोरा वळला आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या एकेक करून पाहू लागला. हर्शेलच्या इमारतीच्या.

हर्शेल पडद्यापासून मागे सरकला. डॉक काय करतोय ते त्याला कळले. चित्रात दुकान वरून दिसत होते. टाकी दुकानाच्या कुठल्या बाजूला दिसते, खांब कुठे येतो, यावरून काढणारा कुठे बसला होता ते शोधता येते. खिडकीतून आपण रस्ता पाहतो तसा रस्ताही आपली खिडकी पाहू शकतो, हे इतक्या वर्षांत त्याच्या मनात आले नव्हते. दर महिन्याला तो आपला पत्ता छापून अख्ख्या देशभर पाठवत होता.

त्याने चित्राचा फळा पलंगाखाली सरकवला. शाईची बाटली पिठाच्या डब्यात लपवली. लिंबू कापून बोटे घासली, पण नखांच्या कडांना बसलेले काळे निघेना. जिन्यात पावले वाजू लागली. पहिल्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला, बोलणे झाले, दार बंद झाले. मग दुसऱ्या मजल्यावर. पावले पुन्हा चढू लागली, सावकाश, कारण डॉकला दम लागत होता. तिसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला दोनच घरे होती. जिन्यावरून आधी लागणारे दार अव्रोमच्या बायकोचे, पर्लस्टीनबाईंचे.

थाप तिथे पडली. हर्शेल भिंतीला कान लावून उभा राहिला. भिंत एवढी पातळ होती की पलीकडे लसूण सोलला तरी कळायचे.

"मिसेस पर्लस्टीन, तुमच्या खिडकीतून जरा बाहेर बघू का?"

"बघा की, डॉक. फुकट आहे. पाय पुसा."

"हे चित्र बघा. माझं दुकान आहे. ही बरणी, हा खांब. काढणारा याच उंचीवर बसला होता."

पलीकडे कागद खसखसला. हर्शेलला ठाऊक होते की म्हातारी चित्रात बरणी पाहत नाहीये.

"हा कोण, डॉक?" तिचा आवाज बदलला होता.

"कोण, हा? असेल कुणी फेरीवाला."

"कुणी फेरीवाला," पर्लस्टीनबाई म्हणाल्या. "जन्मभर तुमच्या दाराशी उभा होता. तुम्हाला पिंपाच्या तळातली काकडी लागायची, कोपरापर्यंत हात घालून काढून द्यायचा. कुणी फेरीवाला!"

"अव्रोम? आपला अव्रोम आहे हा?"

हर्शेलचे गुडघे भिंतीवर आपटू लागले, म्हणून तो थोडा मागे सरकला.

"डॉक, आता लपवून काय करू? हे अव्रोमनेच काढलंय."

"काकड्या विकणाऱ्या अव्रोमने?"

"का? काकड्या विकणाऱ्याला हात नसतात?"

"अहो, पण त्याला जाऊन दोन वर्षं झाली. हे मासिक यंदाच्या मार्चचं आहे."

"ते लोक चित्रं घेऊन कपाटात ठेवतात, लागतील तेव्हा छापतात. तुमचं खोकल्याचं औषध नाही का? लढाईच्या आधीपासून फळीवर आहे."

"आणि खांब? इथून खांब बरणीच्या डावीकडे दिसतो. चित्रात उजवीकडे आहे."

"ती भिंतीवरची फळी बघा. अव्रोमने ठोकली आहे. त्याला डावं-उजवं कधी कळलं?"

डॉक दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "मला हे वाचून दाखवावं लागेल, मिसेस पर्लस्टीन. मी सभेत शब्द दिलाय."

"दाखवा. त्याला आता कोण कुठून काढून टाकणार आहे?"

पावले जिना उतरून गेली. हर्शेलचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पलीकडून भिंतीवर बोटांनी टकटक झाली आणि तो जागच्या जागी उडाला.

थोड्या वेळाने पर्लस्टीनबाई स्वतःच आल्या. बसल्या नाहीत.

"तुम्हाला कसं कळलं?" हर्शेलने विचारले.

"जोड्यांच्या जाहिराती काढणाऱ्याला महिन्यातले आठ दिवस शाईने आंघोळ करावी लागत नाही. ते जाऊ दे. किती अंकांत आहे तो?"

"सगळ्या."

"गेल्यावरही?"

"गेल्यावर जास्त."

म्हातारीने पदरासारखी खांद्यावरची शाल डोळ्यांना लावली आणि लगेच खाली घेतली. "शुक्रवारी तोंड उघडायचं नाही. अव्रोम असता तर त्यानेच सांगितलं असतं, माझं नाव सांगा म्हणून. कळलं, पोरा?"

हर्शेलने मान डोलावली. फ्रीडा संध्याकाळी घरी आली, तिने सगळे ऐकले आणि खुर्चीत मटकन बसली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. हर्शेललाही सुटल्यासारखे वाटले. पण जेवताना घास तोंडातच फिरू लागला. अव्रोम म्हणजे पैसे नसलेल्या पोरालाही काकडी देणारा माणूस. त्याच्या प्रेतयात्रेला अख्खी गल्ली चालत गेली होती. आता त्याचे नाव प्रेते आणि मुंडक्यांच्या ढिगाशेजारी उभे राहून वाचले जाणार आणि म्हातारी त्यानंतरही त्याच गल्लीत भाजी आणायला जाणार.

"तो गेलाय, हर्शेल," फ्रीडा म्हणाली. तिला त्याच्या मनातले नेहमीच कळायचे. "आपण आहोत. माझ्यासाठी गप्प राहा."

"राहीन."

"शपथ घे."

त्याने घेतली.

शुक्रवारी सूर्यास्ताला शाब्बाथचा विश्रामदिवस सुरू होण्याआधी आटपायचे म्हणून दुपारीच आग पेटवली. शाळेच्या अंगणात तेलाचे रिकामे पिंप ठेवले होते. मुले मासिकांचे गठ्ठे घेऊन रांगेत उभी होती आणि एकेक गठ्ठा आत पडला की ठिणग्या उडत. शाळेची माणसे भिंतीशी उभी होती, त्यांत फ्रीडा. पर्लस्टीनबाईंना कुणीतरी खुर्ची दिली होती. हर्शेल सर्वांत मागे, फाटकाजवळ. खरे तर तो येणारच नव्हता. पण घरी बसून धुराचा वास घेणे त्याहून अवघड झाले. जळत्या कागदाचा तो वास आईच्या गोष्टींत यायचा. आई सांगायची, आधी कागद जळतात तेव्हा लोक हसत असतात.

इथेही काही जण हसत होते.

डॉक एका खोक्यावर चढला. त्याच्या हातात ते मासिक होते. आज पांढरा कोट नव्हता, चांगला सूट होता.

"मी सांगितलं होतं की हे काढणारा आपल्यातलाच आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता, पण नजर कुणावर ठरत नव्हती. "तो आता हयात नाही. त्याच्या घरच्यांविषयी माझ्या मनात काही नाही. पण मुलांना कळायला हवं. त्याचं नाव अव्रोम..."

हर्शेलचे गुडघे थरथरू लागले. त्याने फाटक धरले, तर फाटक खडखडायला लागले. लोकांनी वळून पाहिले. त्याला पळायचे होते. फाटक उघडेच होते, रस्ता मोकळा होता. पण पाय पुढे गेले. गर्दी बाजूला झाली, कारण एवढा थरथरणारा माणूस अंगावर आला की कुणीही बाजूला होतेच. आगीच्या धगीपर्यंत पोचल्यावर त्याने डोळे मिटून घेतले.

"डॉक, खांब उजवीकडे माझ्या खिडकीतून दिसतो," तो म्हणाला. "ते सगळं मी काढलंय. अव्रोमने आयुष्यात रेघसुद्धा मारली नाही."

आग तेवढी बोलत होती. हर्शेल वाट पाहत राहिला. दगड येईल, थप्पड येईल, निदान शिवी तरी येईल.

"मूर्खा," पर्लस्टीनबाई खुर्चीतून म्हणाल्या. "उघड डोळे आता. सगळं केलेलं पाण्यात घातलंस."

त्याने डोळे उघडले. डॉक खोक्यावरून उतरला होता. पकडल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. उलट, नको तो माणूस सापडल्यासारखा तो गोंधळला होता. मुख्याध्यापक फ्रीडाकडे पाहत होते. फ्रीडा भिंतीपासून निघाली, सगळ्यांच्या देखत चालत आली आणि हर्शेलच्या शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली.

"शपथ घेतली होतीस," ती पुटपुटली.

"हो."

"घरी चल, मग बघते तुला."

डॉकने मासिक पुढे केले. "तूच टाक, हर्शेल."

हर्शेलने ते घेतले. पाने उलटताना बोटे इतकी हलत होती की आधी दुसरेच पान फाटले. शेवटी हवे ते सापडले. ते त्याने नीट फाडून घडी करून पर्लस्टीनबाईंच्या हातात दिले आणि बाकीचे पिंपात टाकले. मिस्टर थरथर पुढच्या पानांवरच्या प्रेतांबरोबरच जळाला. पाने खरेच कुणी वेगळी करत नव्हते.

रांगेतून कुणी पुढे आले नाही, कुणी शिवी दिली नाही. लोक नुसते दोन पावले मागे सरले. त्या शाब्बाथला त्यांच्या दारावर एकदाही थाप पडली नाही आणि त्या शांततेनेच हर्शेल जास्त घाबरला. पाववाल्या बाईने पुढचे कितीतरी दिवस फ्रीडाला पाव देताना वर पाहिले नाही. उन्हाळ्याची सुटी लागली तेव्हा शाळेने फ्रीडाला कळवले की सप्टेंबरपासून येण्याची गरज नाही. कारण लिहिले नव्हते. सिडचे मासिकही पानगळीच्या आधी बंद पडले. त्याने फोनवर एवढेच सांगितले, "आता मी पडदे विकतो, हर्शेल. खरोखरचे."

हर्शेलला काम मिळाले ते एका दुकानाच्या जोड्यांच्या जाहिराती काढण्याचे. इतकी वर्षे सांगितलेले खोटे अशा रीतीने खरे झाले. कुणी विचारले तर तो आता छाती पुढे काढून सांगू शकला असता, पण आता कुणी विचारत नव्हते.

पर्लस्टीनबाईंनीही त्याच्याशी बोलणे टाकले होते. त्यांचे खोटे त्याने चारचौघांत उघडे पाडले होते. नोव्हेंबरात एका सकाळी दारावर थाप पडली. हर्शेल पडद्याआड गेला, खाली पाहिले, मोटार नव्हती. फ्रीडा बाजारात गेली होती. गुडघे वाजत असतानाच त्याने जाऊन दार उघडले.

पर्लस्टीनबाई वर्तमानपत्राचे पान घेऊन उभ्या होत्या. पानावर बायकांच्या उंच टाचेच्या बुटाची भली मोठी जाहिरात होती. टाचेच्या कमानीतून दूरवरचा एक रस्ता दिसत होता. रस्त्याच्या कोपऱ्यावर पिंपाशी उभा नखाएवढा माणूस, टोपी मागे सरकवलेला.

त्यांनी पान त्याच्या नाकासमोर धरले.

"पिंप लहान काढलंस," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा पिंपात त्याचा हात तरी गेला असता का?"